एक दार, पाच चित्रपट: पार्श्वसंगीत शिकायला बसणाऱ्यांसाठी

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचं दार. रात्रीचे साडेनऊ. एक माणूस पायऱ्या चढून येतो, खिशातून किल्ली काढतो, कुलपाशी थोडी झटापट करतो. दार उघडतं. आत अंधारात तो भिंत चाचपत बटण शोधतो, दिवा लागतो, आणि कोनाड्यातला एक पत्र्याचा डबा उचलून तो तिथेच बसतो. साठ सेकंद. संवाद एकही नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच चित्रफीत देतो आणि सांगतो, याला पाच वेळा संगीत द्या. एकदा भयपट समजून, एकदा रहस्यपट, एकदा प्रेमकथा, एकदा विनोदी आणि एकदा शोक. चित्राची एक फ्रेमही कापायची नाही. ही कसरत घरच्या घरी कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

मी नागपुरात लघुपट आणि माहितीपटांना पार्श्वसंगीत देतो. त्याआधी पाच हंगाम पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत की-बोर्ड वाजवला. दिवाळी झाली की वडसा भागातल्या कंपन्या गावोगाव निघतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि वादक रंगमंचासमोर बसून सगळं जिवंत वाजवतात. खलनायकाच्या प्रवेशाला काय, आईच्या रडण्याला काय, हे तिथे कुणी लिहून देत नाही. नटाच्या तोंडाकडे बघायचं आणि हात चालवायचा. पार्श्वसंगीताची माझी शाळा तीच, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातला मुख्य मुद्दाही तिथलाच आहे.

पहिली पायरी: चित्रफीत तयार करा

वाडा नसेल तर स्वतःच्या घराचं दार चालेल. मोबाइल आडवा धरा, कशावर तरी टेकवा, हातात नको. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम यातलं एक ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मध्येच बदललं की पुढची सगळी गणितं कोलमडतात. मी खाली २५ धरून हिशेब केला आहे.

चित्रीकरण झालं की तिथेच थांबून आवाज वेगळे घ्या. किल्लीचा, कडी-कोयंड्याचा, पायऱ्यांवरच्या चपलांचा, बटणाचा. मोबाइल अगदी जवळ, वीतभर अंतरावर. हे आवाज पुढे तुमच्या संगीताइतकंच काम करणार आहेत.

संकलनाला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. संगीतासाठी रीपर घ्या, ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि त्यात चित्रफीत समोर ठेवून वाजवता येतं. छोटा मिडी (संगणकाला जोडायचा) की-बोर्ड आणि बरे हेडफोन असले की झालं. महागड्या वाद्यसंग्रहांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. घरात सुरपेटी किंवा हार्मोनियम असेल, तर खालच्या निम्म्या गोष्टी तिच्यावरच ऐकून कळतील.

दुसरी पायरी: वही

की-बोर्डला हात लावायच्या आधी चित्रफीत दहा वेळा बघा, आवाज बंद करून. मग वहीत सेकंद लिहा. माझ्या फितीत असं आहे: ०० पायऱ्या, १४ किल्ली कुलपात, २२ दार उघडतं, ३१ दिवा, ४० डबा उचलतो, ६० शेवट. सिनेमात दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून हेच करतात, त्याला स्पॉटिंग म्हणतात. संगीत कुठे सुरू, कुठे बंद आणि कशासाठी, हे त्या बैठकीत ठरतं. संगीताच्या अशा प्रत्येक तुकड्याला क्यू म्हणतात.

आता प्रत्येक सेकंदासमोर तीन रकाने आखा: माणसाला काय माहीत आहे, प्रेक्षकाला काय माहीत आहे, संगीताला काय माहीत आहे.

हा तिसरा रकाना झाडीपट्टीतल्या आमच्या ऑर्गनवाल्या काकांचा. एका नाटकात खलनायक दुधात विष कालवून निघून जातो आणि नायिका हसत हसत आत येते. मी आपला भीतीचे खर्जातले सूर धरून बसलो होतो. काकांनी ऑर्गन वाजवता वाजवताच विचारलं, "तुह्या पेटीले मालूम हाय काय?" मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांचं म्हणणं असं की विष आहे हे प्रेक्षकांनी पाहिलंय, नायिकेला ठाऊक नाही, मग पेटीनं कुणाच्या बाजूला बसायचं? तिच्या बाजूला बसून गोड वाजवलंस, तर लोकांचा जीव जास्त कासावीस होईल. मी वाजवून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं ओरडून नायिकेला सावध केलं.

चित्रपटाचा प्रकार बदलतो तो या एका गोष्टीने: संगीताला प्रेक्षकाच्या आधी कळतं, त्याच्याबरोबर कळतं, की नंतर. वाद्यं, राग, ठेका हे सगळं त्यामागून येतं. नवीन मुलं उलटं करतात. भयपट म्हटलं की व्हायोलिनची किंकाळी, प्रेम म्हटलं की बासरी, असं आधी वाद्य उचलतात आणि मग ते कुठे टाकायचं ते शोधत बसतात.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण १९७५ चा 'जॉज'. जॉन विल्यम्सने शार्कसाठी वापरलेले दोन सूर तुम्ही पेटीवर आत्ता वाजवू शकता: पांढरी तीन आणि पांढरी चार (पाश्चात्त्य E आणि F), खालच्या सप्तकात, आलटून पालटून. त्या चित्रपटात दोन पोरं पुठ्ठ्याचा पंख लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा किनाऱ्यावर पळापळ होते पण ते सूर वाजत नाहीत, कारण शार्क तिथे नाहीच. संगीत खोटं बोलत नाही, हा विश्वास अशा रीतीने बसतो. आणि पुढे एका क्षणी शार्क त्या सुरांशिवायच पाण्यातून वर येतो, तेव्हा बसलेल्या विश्वासालाच धक्का लागतो. दोन सुरांत एवढं काम झालं ते सूर कधी वाजवायचे आणि कधी नाहीत, याच्या हिशेबामुळे.

तिसरी पायरी: लय आणि सम

तबला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. चित्रातला महत्त्वाचा क्षण म्हणजे तुमची सम, तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. दार २२व्या सेकंदाला उघडतं. तिथे सम यावी आणि त्याआधी तीनतालाची दोन आवर्तनं, म्हणजे ३२ मात्रा, पूर्ण व्हाव्यात असं वाटत असेल, तर हिशेब सोपा आहे: मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. ३२ गुणिले ६० म्हणजे १९२०, भागिले २२, उत्तर ८७.२७. मिनिटाला इतक्या मात्रा. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकला की सम दारावर बसते.

आता दिवा बघा, ३१वा सेकंद. याच लयीत ४५ मात्रा ३०.९४ सेकंदांना संपतात. म्हणजे पुढची मात्रा दिव्याच्या आधी सुमारे दीड फ्रेम पडते. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण आवाज चित्राच्या आधी आला की खटकतो. किंचित उशिरा आला तर मन सांभाळून घेतं, कारण जगात आवाज नेहमीच प्रकाशामागून पोचतो. म्हणून लय ८७.१ करा. दिवा बरोबर मात्रेवर येतो आणि दाराची सम एक फ्रेम उशिरा पडते, ती कुणाला कळत नाही. असे दोन-चार प्रयोग वहीवर केले की कानाला सवय होते.

किल्लीचा १४वा सेकंद या लयीत दोन मात्रांच्या मधे कुठेतरी पडतो. पडू द्या. प्रत्येक हालचालीवर ठोका बसवायचा मोह होतोच, पण दोन जागा गाठल्या तर बाकीच्या मोकळ्या सोडा.

चौथी पायरी: भयपट

पाचांतला हा प्रकार मी सगळ्यांत आधी करायला लावतो, कारण इथे कान लवकर तयार होतो.

पेटीवर सा आणि कोमल रे एकत्र दाबा. भाता अर्धाच चालवा. दोन सुरांच्या मधे एक थरथर ऐकू येईल, दोन्ही एकमेकांना घासतायत अशी. आता कोमल रे सोडून तीव्र मध्यम दाबा. घासणं कमी झालं, पण पाय टेकायला जागा नाही असं वाटेल. पंचम आला की तो आधार लगेच मिळतो, म्हणून भयपटात पंचमाला लांब ठेवायचं. या दोन अंतरांवर जगभरच्या भयपटांचं बरंच संगीत उभं आहे.

याच्या जोडीला तीन गोष्टी वापरा. खर्जातला एक धरलेला सूर, इतका हळू सुरू झालेला की तो कधी आला ते कळू नये. तार सप्तकात व्हायोलिनचा एक सूर, अजिबात न हलवता. आपल्याकडे सूर आंदोलित करायची सवय आहे, ती इथे मोडा, कारण न हलणारा सूर माणसाचा वाटत नाही. आणि ठेका काढून टाका. ठेका असला की पुढची मात्रा कधी येणार ते कळतं, आणि ज्याला पुढचं कळतं त्याला भीती कमी वाटते.

'सायको' या १९६० च्या चित्रपटाला बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांचं संगीत दिलं. न्हाणीघरातल्या प्रसंगात हिचकॉकला संगीतच नको होतं. हरमनने तरीही लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. सगळ्यांना त्या किंकाळ्या आठवतात. मी मात्र शिकणाऱ्यांना त्याआधीचा गाडी चालवण्याचा भाग दाखवतो. पडद्यावर एक बाई गाडी चालवते आहे, एवढंच. आवाज बंद केला तर ती बाजारातून घरी निघाली आहे असंही वाटेल. सगळी धडधड संगीतातून येते.

आता आपलं दार. दहातले आठ जण २२व्या सेकंदाला, दार उघडताच, धाडकन एक आघात टाकतात. याला स्टिंगर म्हणतात आणि तो काम करतो, पण एकदाच. मी असं करतो: शून्यापासून फक्त चपलांचा आवाज. ८व्या सेकंदाच्या आसपास खर्जाचा सूर, जेमतेम. १४ला किल्ली आत गेली की तो सूर मींड घेत हळूहळू अर्धा स्वर खाली सरकतो. २१ला सगळं बंद. २२ला फक्त कडीचा आवाज. ३१ला दिवा लागतो, काहीच होत नाही, प्रेक्षक श्वास सोडतो. आणि ४०ला, डब्याला हात लागताच, तोच खर्ज परत, या वेळी सा आणि कोमल रे एकत्र. भीती दारात नव्हती, डब्यात आहे, हे संगीताला आधीपासून ठाऊक होतं. कथा काय आहे ते मलाही माहीत नसतं, पण लोक डब्याकडे बघायला लागतात.

पाचवी पायरी: रहस्य

भयपटातून नुकतंच आल्यावर मुलं यालाही तेच संगीत देतात. दोघांत फरक आहे. भीती 'कधी' विचारते, रहस्य 'काय' विचारतं. म्हणून भयपटात काढून टाकलेला ठेका इथे परत आणा.

चार सुरांचा एक छोटा तुकडा घ्या आणि तो फिरवत ठेवा, तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या लेहऱ्यासारखा. पाश्चात्त्य संगीतात याला ओस्टिनाटो म्हणतात. मारवा हा राग इथे फार उपयोगी. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारे षड्जावर (सा वर) सहज येऊन बसत नाहीत, रिषभ आणि धैवतावरच रेंगाळतात. म्हणजे घर दिसतंय पण कोणी आत जात नाही. रागाचं नाव घेऊन वाजवू नका, चलन पूर्ण दाखवायची गरज नाही. फक्त षड्ज टाळण्याची ती सवय उचला.

आपण ३२ मात्रा धरल्या होत्या. त्यांचे आठ-आठ मात्रांचे चार भाग करा, साधारण साडेपाच सेकंदांचा एक. पहिल्या भागात तुकडा एकटा. दुसऱ्यात त्याखाली एक धरलेला सूर. तिसऱ्यात तोच तुकडा वरच्या सप्तकात. चौथ्यात हलका ताल, टाळ्यांचा किंवा लाकडावर बोटांचा. २२ला दार उघडलं की खालचा सूर काढून घ्या, बाकी चालू ठेवा. जमीन गेली आणि चाल सुरूच राहिली, असं वाटतं. दिवा लागताच थांबा, षड्जावर न येता.

ताण वाढवत नेण्याची एक युक्ती मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. १९६४ मध्ये त्यांनी दाखवलं की एकच सूर अनेक सप्तकांत एकदम वर चढवत नेला, आणि वरचे हळूहळू विरत खालचे हळूहळू उगवत राहिले, तर कानाला तो सतत चढतोय असंच वाटतं, पोचत कधीच नाही. हान्स झिमरने २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये ही कल्पना वापरली. तीन सप्तकांत करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सहावी पायरी: प्रेमकथा

इथे एक धून लागते. पाच-सहा सूर, कुणालाही गुणगुणता येतील असे. प्रेमकथेत संगीताला पात्रांच्या आधी कळलेलं असतं, दोघांनी एकमेकांना काही म्हणण्याच्या खूप आधी.

धून आधी अर्धीच द्या. पायऱ्या चढताना पहिले तीन सूर, एका वाद्यावर. दारावर पुन्हा तेच तीन, किंचित उजळ. डबा हातात आल्यावर उरलेले सूर. प्रेक्षकाला वाटतं, आपल्याला काहीतरी आठवलं. खरं तर त्याला चाळीस सेकंदांपूर्वीच ते दिलेलं होतं. षड्जावरून एकदम वरच्या धैवतावर झेप घेऊन बघा. ही झेप ओढीची वाटते. आणि षड्जावर येण्याआधी रिषभावर हवं त्याहून थोडं जास्त थांबा. लय मात्र मोजू नका. क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, बंद करा, चित्र समोर लावा आणि माणसाच्या पावलांबरोबर वाजवा. दहा वेळा वाजवलं तर एखादा टेक लागतो.

'शोले'त राहुलदेव बर्मन यांनी जयच्या हातात माउथ ऑर्गन दिला आहे. तो तिथे बसून वाजवतोय, म्हणजे सूर दृश्याच्या आतले आहेत, राधाला ऐकू जाणारे. दृश्याच्या आतलं संगीत आणि बाहेरचं संगीत यातला फरक समजायला याहून सोपं उदाहरण नाही. तुमच्या फितीतही करून बघा: धून आधी शेजारच्या घरातल्या रेडिओतून येतेय अशी ठेवा, जाड आणि लांबची, आणि दार उघडल्यावर ती हळूहळू पूर्ण, स्वच्छ होऊ द्या.

सातवी पायरी: विनोद

विनोदात संगीताला काहीही कळता कामा नये. १९८० च्या 'एअरप्लेन!'साठी एल्मर बर्नस्टीनला दिग्दर्शकांनी खऱ्याखुऱ्या गंभीर नाट्याचं संगीत द्यायला सांगितलं होतं. पडद्यावर वेडेपणा आणि संगीत पूर्ण गंभीर, त्यामुळेच हसू येतं. झाडीपट्टीतही जुने वादक विनोदी पात्राच्या बोलण्यावर हात थांबवत. हशा ओसरला की मग एक छोटा तुकडा.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक हालचालीला सूर जोडणं. जुन्या व्यंगपटांमुळे तिला मिकी-माउसिंग हे नाव पडलं. लहान मुलांच्या कथेत छान, मोठ्यांच्या गोष्टीत दोन सेकंदांहून जास्त नको. आपल्या फितीत १४ ते २२ मधे कुलपाशी झटापट आहे. तिथे एक रुबाबदार मिरवणुकीची चाल द्या, जणू सेनापती किल्ल्याचं दार उघडतोय. किल्ली अडकली की चाल मात्रेच्या मधेच थांबवा. परत फिरली की जिथून तुटली तिथूनच पुढे. आणि घुमारा अजिबात नको. विनोदाचं संगीत कोरडं हवं, जवळून वाजल्यासारखं.

आठवी पायरी: शोक

माझ्या दुसऱ्या हंगामात, गडचिरोलीकडच्या एका गावात, नाटकाचा शेवटचा अंक चालू होता. पहाटेचे तीन वाजले असतील. आईला मुलगा गेल्याचं कळतं. ती बोलणार, त्याच्या आधीच मी व्हायोलिनचा आवाज लावून सूर धरला. काकांनी माझं मनगट पकडून हात पट्ट्यांवरून उचलला. "थांब. तिले बोलू दे." तिने एक वाक्य म्हटलं, मग मांडवात कुणाच्या तरी लेकराचं रडणं तेवढं ऐकू आलं. काकांनी बराच वेळ काहीच वाजवलं नाही. नंतर ऑर्गनवर एकच सूर, मध्य सप्तकातला, साधा.

शोकात संगीताला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी माणसाला, मग प्रेक्षकाला, मग त्याला. आधी आलं तर ते प्रेक्षकाला रडायला सांगतंय असं होतं, आणि सांगून कोणी रडत नाही.

'पथेर पांचाली'त सर्वजया मुलीच्या मृत्यूचा टाहो फोडते तेव्हा तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी पंडित रविशंकरांच्या संगीतातली तार शहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आहे. तिथे संगीत रडण्याच्या सोबतीला आलेलं नाही, रडण्याच्या जागी आलंय, म्हणून ते सहन होत नाही. आणि आपला 'सैराट' घ्या. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला. गाण्यांमधून प्रेमाला एवढा भरगच्च आवाज मिळतो. आणि शेवटी ते लहान मूल चालत बाहेर येतं तेव्हा आवाजच नाही. त्या भरगच्चपणाची सवय झालेल्या कानाला ती शांतता दुप्पट मोठी लागते. नागराज मंजुळे यांनी पुढे 'झुंड' आपल्या नागपुरात केला तेव्हा मी अनेकांना सांगत होतो, वस्तीचे आवाज ऐका, ते संगीताइतक्याच विचाराने ठेवलेले असतात.

आपल्या फितीसाठी: २२ पर्यंत संगीत नाही. दार उघडतं, तरीही नाही. त्यानंतर कुठेतरी एक वाद्य, मोजके सूर. सारंगी किंवा व्हायोलिन घेतलं की काम सोपं होतं आणि म्हणूनच मी ते घेऊ देत नाही. पेटी घ्या, किंवा नुसता माणसाचा गुणगुणण्याचा आवाज.

ऐतिहासिक, विज्ञानकथा, माहितीपट हे प्रकार नंतर करा. ऐतिहासिकात तुतारी, डफ, संबळ यांचा वापर एवढा झालाय की आता ती वाद्यं कमी वाजवणं हीच खरी कारागिरी. विज्ञानकथेत ओळखू न येणारा आवाज लागतो. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'ला लुई आणि बीबी बॅरन या जोडप्याने पूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत दिलं, ते स्वतः जोडलेल्या सर्किटांमधून. माहितीपटात माणसं खरी असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल संगीताने मत देऊ नये. मी तिथे फक्त एका विषयाकडून दुसऱ्याकडे जाताना वाजवतो.

नववी पायरी: आपल्या गावचे आवाज

वाद्याला आठवण चिकटलेली असते, आणि ती गावागणिक वेगळी. विदर्भात खंजिरी वाजली की माणसाला तुकडोजी महाराजांची भजनं आठवतात. तिच्यावर खलनायकाचा प्रवेश बसवला तर पुण्या-मुंबईचा प्रेक्षक काही म्हणणार नाही, पण तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या माणसाला ते लागेल. दीक्षाभूमीवरची पाली वंदना, ताजबाग दर्ग्याची कव्वाली, उरुसातल्या संदलच्या मिरवणुकीचा ताल हे सगळं कुणाच्या तरी श्रद्धेचं आहे. नुसता वातावरणनिर्मितीचा मसाला म्हणून उचलू नका. प्रसंग त्या माणसांचा असेल तर जरूर वापरा, आणि रेकॉर्ड करण्याआधी विचारा. मंडळी बहुतेक वेळा हो म्हणतात आणि चहाही पाजतात.

मारबतीची, म्हणजे पीडा घालवायला काढतात त्या पुतळ्याची, मिरवणूक मात्र एकदा तरी रेकॉर्ड कराच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून ती जाते तेव्हा ढोल आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गजर असा काही उठतो की मोबाइलचा माइक फाटतो. समोर उभे राहू नका. एखाद्या आडव्या बोळात दहा-पंधरा पावलं आत जा. भिंतींवरून येणारा आवाज गोळा होऊन येतो, ढोलाची धार जाते आणि घुमारा राहतो. त्याचा वेग निम्मा केला की भयपटासाठी असा खर्ज मिळतो, जो कुठल्या वाद्यसंग्रहात नाही.

दहावी पायरी: कूलर, वीज आणि ध्वनिमुद्रण

मे महिन्यात नागपुरात घरी रेकॉर्डिंग करायचं तर कूलर बंद करावा लागतो आणि पाऱ्याकडे बघायचं नसतं. मी रात्री एक ते तीन ही वेळ ठेवली आहे. पहाट मोकळी वाटते, पण त्या दिवसांत कोकीळ उजाडायच्या आधीच सुरू होतो आणि तो प्रत्येक टेकमध्ये येतो.

कूलर बंद केला तरी फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाइटची पट्टी यांची घरघर राहते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर बहुधा ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास असते. पेटीच्या भाषेत हे पांढरी पाचच्या अगदी जवळ. आता तुमचा खर्ज काळी चारला असेल, म्हणजे सुमारे १०४ हर्ट्झ, तर तो आणि घरघर सेकंदाला जवळपास चार वेळा एकमेकांशी झगडतात आणि एक डळमळ ऐकू येते. माझा एक अख्खा क्यू यापायी वाया गेला होता. मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसेपर्यंत कारण सापडलं नव्हतं. म्हणून चित्रीकरणाच्या जागेचा आवाज आधी ऐका, त्यातली घरघर पेटीवर शोधा, आणि मगच पट्टी ठरवा. पांढरी पाच धरली आणि सूर घरघरीशी किंचित जुळवून घेतला, तर ती तुमच्या सुरात मिसळून जाते.

पुढे संवाद असलेली फीत कराल तेव्हा लक्षात ठेवा, शब्द कळतात ते मुख्यतः १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. बासरी, व्हायोलिनचा वरचा भाग, पेटीची धार तिथेच येते. संवादाखाली आवाज कमी करण्याऐवजी वाद्यच बदला किंवा सप्तक खाली घ्या. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह द्या. पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक छोटी बीप ठेवा, म्हणजे संकलकाला ती चित्रावर नेमकी बसवता येते.

शेवटी: पाचही फिती कुणाला तरी दाखवा

संगीत शिकलेल्याला नको. शेजारच्या काकूंना, पोहेवाल्याला, घरात आलेल्या पाहुण्याला. प्रकार सांगू नका, संगीत कसं वाटलं तेही विचारू नका. फक्त विचारा, "त्या डब्यात काय असेल?" उत्तर वहीत लिहा. भयपटाच्या फितीला कुणी 'पैसे' म्हणालं तर तुमचा खर्ज उशिरा आलाय. प्रेमकथेला 'फोटो' किंवा 'चिठ्ठ्या' आलं तर धून पोचली.

माझ्या शोकाच्या फितीत सूर २२व्या सेकंदालाच, दाराबरोबर, सुरू होत होता. समोरच्या काकूंना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "चोरी करून राहिला वाटते." मी तो सूर २६ वर सरकवला आणि चार दिवसांनी परत दाखवली. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्याची बायको गेली असन. डबा तिचाच हाय." सूर अजून २६ वरच आहे.